न ठेवलेला फोन

तेहतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानावर नुसतं 'हॅलो' पडलं, तरी पलीकडचा माणूस जेवलाय की उपाशी आहे ते मी सांगू शकायचे. निवृत्तीनंतर गप्प बसवेना, म्हणून बिबवेवाडीतल्या आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात शिरले. मंडळाचं काम एकच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा आणि ती धडधाकट आहेत ना, हे पाहायचं. आम्ही त्याला हजेरी म्हणायचो. माझ्या वाट्याला अकरा माणसं होती. त्यांच्या घरांच्या अकरा किल्ल्या माझ्या दाराजवळच्या खुंट्यांवर लटकत, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधलेली. मीही एकटीच राहते, दुसऱ्या मजल्यावर. पण हजेरी घेणाऱ्याची हजेरी कोण घेणार!

हजेरीचा एक नियम होता. 'कशा आहात?' असं विचारायचं नाही. पुण्यातला माणूस मरणाच्या दारात असला तरी या प्रश्नाला 'मजेत' म्हणतो. आम्ही विचारायचो, 'आज भाजी कुठली?' ज्याला भाजीचं नाव सांगता येतं, तो उठलाय, ओट्यापर्यंत जाऊन आलाय आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे. भाजी कळली नाही, तर किल्ली घेऊन निघायचं. सहा वर्षांत या नियमाने तीन माणसं वाचवली होती.

गेल्या हिवाळ्यात मंडळाने लँडलाइन काढून टाकली. आता सगळे फोन कॉम्प्युटरवरून, इंटरनेटने. ही व्यवस्था उत्कर्षाने लावून दिली. उत्कर्षा मूळची अमरावतीची, हिंजवडीला आयटीत नोकरी करणारी, शनिवार-रविवार मंडळाला देणारी गुणी मुलगी. तिने मला लॅपटॉप दिला आणि बिनवायरचा हेडसेट डोक्यावर चढवला.

'काकू, आता तुम्ही खुर्चीला बांधलेल्या नाही. घरभर फिरा, चहा टाका, बोलत राहा. स्टँडवर ठेवला की चार्ज होतो. फक्त घराबाहेर गेलात तर दोनदा बीप वाजून बंद पडेल.'

'आणि पलीकडच्यांचं काय? आमच्या आनंदीबाईंची बोटं थरथरतात. हिरवं बटण दाबेपर्यंत दुपार व्हायची.'

'त्यांना मंडळाने दिलेल्या टॅबमध्ये ऑटो आन्सर टाकलंय. तीन रिंग झाल्या की आपोआप उचलला जातो, स्पीकरवर. तुमच्या यादीत नावापुढे हिरवी खूण येते. खूण आली की झालं.'

खूण आली की झालं. हे वाक्य मला फार आवडलं, हे मी आज कबूल करते. कारण आनंदीबाई. अठ्ठ्याहत्तरीच्या, मार्केट यार्डच्या बाजूला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या. मूलबाळ नाही, एक भाचा लोणी काळभोरला. बाई मनाने चांगल्या, पण बोलायला लागल्या की चाळीस मिनिटं. भाजीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून वारलेल्या नणंदेवर. मला पुढची माणसं असायची, पण खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा. हिरवी खूण आल्यापासून मी भाजी विचारणंच सोडून दिलं. 'आनंदीबाई, शालू बोलतेय, ठीक ना? ठेवते हं.' एवढ्यात काम उरकायचं.

डिसेंबरातला सोमवार होता. आठ वाजून दहा मिनिटांनी आनंदीबाईंना फोन लावला. तीन रिंग झाल्या, उचलला गेला, खूण आली. पलीकडून आवाज मात्र नाही. नुसती पोकळ शांतता, रिकाम्या खोलीची असते तशी.

'आनंदीबाई? … नेट गेलं वाटतं. बरं, ठेवते.'

मी लाल बटण दाबलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वेळी आनंदीबाई टॅबपासून चार हातांवर, घरातल्या बोळात फरशीवर पडलेल्या होत्या. पहाटे घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि फरशीवर आपटल्याने छातीतून आवाज निघत नव्हता. हे मला नंतर कळलं. जुना नियम पाळला असता, तर साडेआठला मी त्यांच्या दारात असते.

दुपारी मी पोळ्या लाटत होते. हेडसेट बाहेरच्या खोलीत टेबलावर, आपल्या स्टँडवर होता. मला कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं. शेजारचा टीव्ही असेल म्हणून सोडून दिलं. पण आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता. हात पुसत बाहेर आले, तर तो हेडसेटमधून येत होता, अगदी बारीक. कानाला लावला. एक बाई बोलत होती. शब्द कळत नव्हते, नुसती लय कळत होती. बोलायची, थांबायची, 'हं… हं…' म्हणायची, पुन्हा बोलायची. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं.

मी उत्कर्षाला मोबाईलवर फोन केला. 'अगं, या तुझ्या यंत्रात क्रॉस कनेक्शन लागतंय.'

ती हसली. 'काकू, नेटवर क्रॉस कनेक्शन नसतं. तो लँडलाइनचा जमाना गेला. एकदा ऑफ करून ऑन करा न.'

मी बंद केला आणि आवाज थांबला. संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, तर स्टँडवर त्याचा निळा ठिपका पुन्हा लुकलुकत होता, आणि ती बाई बोलतच होती. मी हेडसेटवर उशी ठेवली आणि झोपायला गेले.

मंगळवारी सकाळी आनंदीबाईंच्या नावावर बोट ठेवलं. या वेळी रिंग वाजलीच नाही. नुसती हिरवी खूण आली, जणू फोन आधीपासूनच लागलेला होता. मी 'आनंदीबाई?' म्हटलं. पलीकडे काहीतरी फरशीवर घासलं गेल्यासारखं झालं, मग पुन्हा ती पोकळी. मनात आलं, जाऊन यावं का? पण त्या दिवशी गुडघा ठणकत होता, थंडी होती, आणि खूण तर आलेली होती. माणूस स्वतःला पटवायला बसला की कारणांना तोटा नसतो. मी पुढच्या नावाकडे वळले.

त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, उजेड जाता जाता, मी हेडसेट मुद्दाम डोक्यावर चढवला. म्हटलं, आज ही बाई कोण ते एकदाचं ऐकायचंच. खिडकीबाहेर मुलांचा खेळ चालला होता, कुणाच्या तरी घरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. असं सगळं नेहमीचं चाललेलं, आणि माझ्या कानात ती बाई अगदी स्पष्ट बोलू लागली.

'… नाही, झोपायचं नाही. मी आहे ना. संत्रं संपलं? अजून एक आहे बघा पिशवीत. डाव्या हाताला. हं… सावकाश…'

आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही. तेहतीस वर्षं आवाज ओळखण्यात गेली, आणि हा एक मात्र हाताला लागेना.

'कोण बोलतंय?' मी विचारलं.

ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. जड, अडखळणारा, छातीवर ओझं ठेवल्यासारखा.

'शालू…' ती म्हणाली, 'तू ठेव. मी बोलतेय त्यांच्याशी.'

मला 'शालू, तू' म्हणणारं माणूस आता जगात कुणी उरलेलं नाही. आई गेली, थोरली बहीण गेली. मी हेडसेट ओरबाडून काढला. मोबाईलवरून उत्कर्षाचा नंबर लावला.

'उत्कर्षा, तुला तिथून माझं खातं दिसतं ना? बघ जरा. माझा कुठला फोन चालू आहे का?'

की-बोर्डची टकटक ऐकू आली.

'काकू, एक कॉल चालूच आहे. तुमच्याच आयडीवरून. आनंदी आजींना.'

'कधीपासून?'

'काल सकाळी आठ दहापासून. चौतीस तास झाले. काकू… तुम्ही एवढा वेळ त्यांच्याशी काय बोलताय?'

मी खुंटीवरची आनंदीबाईंची किल्ली घेतली, अंगावरच्या साडीनिशी खाली उतरले आणि समोर येईल त्या रिक्षात बसले. जिना उतरतानाच लक्षात आलं होतं, घाईत हेडसेट हातातच राहिलाय. म्हटलं, आता बीप वाजेल आणि बंद पडेल. बीप वाजली नाही. रिक्षा चौकातल्या सिग्नलला थांबली, घरापासून दीड किलोमीटर दूर. माझ्या मांडीवर त्या यंत्रातून तो बारीक आवाज येतच होता. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे पाहत होता.

'मॅडम, फोन चालू राहिलाय तुमचा.'

'माहितीये,' मी म्हटलं. 'तुम्ही चला.'

आनंदीबाईंच्या इमारतीखाली सर्जेराव वॉचमन शेकोटीशी बसला होता. त्याला विचारलं, आजी दिसल्या का दोन दिवसांत?

'दिसल्या न्हाईत, पन हायत की घरात. काल वर पान्याचा कॉक बघायला गेलतो, तवा बोलत व्हत्या कुनाशी तरी. तुमचाच आवाज व्हता म्हना की. म्हटलं, ताई आल्यात, मग कशाला बेल वाजवा?'

लिफ्ट बंद होती. सर्जेराव पुढे, मी मागे, असे आम्ही तीन मजले चढलो. दाराबाहेर ऐकू येत होतं. तोच आवाज आत टॅबमधून येत होता, माझ्या हातातल्या हेडसेटमधूनही येत होता, आणि दोन्हींमध्ये क्षणाचंही अंतर नव्हतं. कुलपात किल्ली घालताना मी देवाचं नाव घेतलं. खोटं कशाला बोलू, त्या आधी कित्येक वर्षं घेतलं नव्हतं.

दार उघडलं. आत अंधार, लघवीचा आणि संत्र्याच्या सालींचा वास. टेबलावर टॅबचा निळसर उजेड. त्या उजेडात, बोळात, अंगावर पायपुसणं ओढून घेतलेल्या आनंदीबाई.

'आल्या बघा,' टॅबमधला आवाज म्हणाला. 'आता मी ठेवते.'

आणि त्या क्षणी दोन्हीकडचा आवाज थांबला.

आनंदीबाई जिवंत होत्या. ओठ फुटलेले, हात बर्फासारखे, पण डोळे उघडे. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्याने रडले. सर्जेराव रुग्णवाहिकेला फोन करत होता. आनंदीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, 'एवढं बोलून घसा नाही का बसला तुमचा?'

हॉस्पिटलात आठवडाभराने त्यांना नीट बोलता येऊ लागलं. खुब्यात सळई घातली होती. मी त्यांच्यासाठी भाताची पेज घेऊन गेले होते, आणि माफी मागायचं मनाशी ठरवून गेले होते.

'माफी कसली मागता?' त्या म्हणाल्या. 'तुम्ही नसतात तर मी पहिल्या रात्रीच गेले असते. डोळा लागला की हाक मारायचात. आणि त्या संत्र्यांचं तुम्हाला कसं हो कळलं? भाचा आदल्या दिवशी ठेवून गेला होता पिशवी, मलासुद्धा आठवण नव्हती. चार संत्र्यांवर निभावलं बघा. पण शालूताई, एवढ्या बोलणाऱ्या असाल असं वाटलं नव्हतं. एरवी तर तुम्हाला कायम गाडी गाठायची असायची.'

मी पेज ढवळत राहिले. मी त्यांच्याशी दोन दिवसांत मिळून वीस सेकंदही बोलले नव्हते.

ॲपमध्ये प्रत्येक कॉल आपोआप साठवला जातो, हे उत्कर्षाने मला त्यानंतर सांगितलं. ती स्वतः घरी आली, लॅपटॉप उघडला आणि माझ्यासमोर बसली.

'मी थोडंसं ऐकलं, काकू. पुढे नाही ऐकवलं. तुमचाच आवाज आहे.'

'मी बोललेले नाही गं.'

'माहिती आहे मला. रात्रीच्या त्या वेळात तुमचा लॅपटॉप बंद होता. मी दोनदा चेक केलं.'

तिने सुरू केलं. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही, म्हणतात ते खरं आहे. पण शेजारी बसून ऐकताना ओळखू आला. माझाच आवाज होता, पण म्हातारा. आत्तापेक्षा दहा-बारा वर्षांनी म्हातारा. शेवटच्या अक्षरावर कापणारा. दोघींचं बोलणं चाललं होतं, आनंदीबाईंचं क्षीण, तुटक. नणंदेचा विषय निघाला होता. मी त्यांना सगळं विचारत होते, नणंद कशी होती, काय झालं तिला. मी कधीच विचारलं नव्हतं ते सगळं.

'… इतकं बोलताय, तर येत का नाही हो इकडे?' आनंदीबाईंनी विचारलं.

'मला उठता येत नाही, आनंदीबाई.' माझा आवाज म्हणाला. 'ओट्याखाली पाय अडकलाय. तिसरा दिवस आहे. पण तुमच्याकडे मी येईन. मंगळवारी संध्याकाळी येईन, मला आठवतंय. तोवर आपण बोलू.'

उत्कर्षाने माझा हात धरला. 'बंद करू का?'

'नको.'

पुढे बराच वेळ नुसता श्वास होता. मग त्या श्वासामागे, लांबून, दारावरची बेल वाजली. चिमणीच्या चिवचिवाटाची, मध्येच खरखरून अडकणारी बेल. ती एकदा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली.

'थांबा हं…' माझा आवाज घाईने म्हणाला, आणि त्यात इतकी आशा होती की मला ऐकवेना. 'कुणीतरी आलंय माझ्याकडे…'

बेल तिसऱ्यांदा वाजली. फरशीवर काहीतरी आपटलं, दोनदा, तीनदा, भांड्याने आपटावं तसं. मग जिन्यावरून उतरत गेलेली पावलं.

'गेले,' माझा आवाज म्हणाला. आणि जरा वेळाने, 'हं, आनंदीबाई. नणंदेचं सांगत होतात…'

मी रेकॉर्डिंग बंद केलं. त्याच संध्याकाळी माझ्या घराची एक किल्ली उत्कर्षाच्या हातात ठेवली. मंडळात भांडून जुना नियम परत आणला. आता कुणालाही नुसत्या खुणेवर सोडत नाही. अकराही जणांशी ते म्हणतील तितका वेळ बोलते. आनंदीबाई भाच्याकडे लोणी काळभोरला असतात, त्यांना तर मीच आपणहून रोज फोन करते. सगळ्यात जास्त धीर मला एका गोष्टीचा होता. माझ्या दाराला बेलच नव्हती. कडी होती, लोक कडी वाजवायचे. म्हणजे जे ऐकलं ते माझं घर नव्हे, असं मी स्वतःला समजावत होते.

परवा सोसायटीचा इलेक्ट्रिशियन पोपट खोकी घेऊन मजल्यामजल्यावर फिरत होता. सोसायटीचा ठराव झालाय, सगळ्या दारांना एकसारख्या बेल. मी म्हटलं, मला नको. तो म्हणाला, 'काकू, तुमच्या एकटीसाठी ठराव बदलायचा का?' आणि भिंतीत ड्रिल घातलं.

काम झाल्यावर त्याने बटण दाबलं. चिमणी चिवचिवली, मध्येच खरखरून अडकली आणि पुन्हा चिवचिवली.

'नवीकोरी आहे, पण हीच तेवढी जरा अडकते,' पोपट म्हणाला. 'बदलून देऊ का दुसरी?'

मी लगेच हो म्हटलं. त्याने शेवटच्या खोक्यात हात घातला, पण ते रिकामं होतं.